पायऱ्यांचे गुण

११ ऑगस्ट

सूनबाई,

आता तसं म्हणायचं नाही, हे मला कळतं. कोर्टाचा शिक्का बसून चार महिने झाले. पण पत्राच्या डोक्यावर काहीतरी लिहावं लागतं, आणि इतकी वर्षं तोंडात बसलेली हाक एका शिक्क्याने निघत नाही. रागावू नको.

परवा फोनवर आपण दोघांनी एकमेकांचं चांगलंच डोकं पिकवलं. मी म्हणालो, वर्गमूळ नऊ अधिक सोळा. तू म्हणालीस पाच, मी म्हणालो एकोणीस. तू तीनदा पाच म्हणालीस आणि मी तीनदा एकोणीस. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गमुळाच्या खुणेला वर ते छप्पर असतं ना, ते नऊवर संपतं की सोळापर्यंत जातं हे फोनवर ऐकू येत नाही! माझ्या वहीत ते नऊवरच संपत होतं. म्हणजे तूही बरोबर आणि मीही बरोबर. हे गणित कागदावरच शिकावं लागणार, म्हणून हे पत्र.

संध्याकाळच्या शाळेत मी दहावीला नाव घातलं हे तुला सांगितलंच आहे. हात थरथरायला लागला तेव्हा सलून दुसऱ्याला देऊन टाकलं. वस्तरा आणि थरथरता हात एका जागी नकोत. चाळीस वर्षं गावातली भली भली माणसं माझ्यापुढे मान खाली घालून बसली आणि मी वरून बोलत राहिलो. आता दिवसभर बोलायला कुणी नाही. शाळेत निदान हजेरीला 'हजर' तरी म्हणता येतं.

तुला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चिरंजीवांनी त्यांच्या नव्या घरात माझी खोली काढून ठेवली आहे. मी म्हटलं, दहावी झाल्याशिवाय इथून हलणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "ठीक आहे, पास होईपर्यंत राहा तिकडे. मग मात्र माझं ऐकायचं." एकदा त्या घरात गेलो की तिथे तुझं पत्र येणं बरं दिसणार नाही. तुलाही नको वाटेल. तेव्हा शिकवायचं असेल तर आत्ताच शिकव.

आमच्या मास्तरांनी √५० ला सरळ रूप द्यायला सांगितलंय. मला तर ते आधीच सरळ दिसतंय.

तुझा,
(इथे काय लिहायचं ते सुचत नाही)


१९ ऑगस्ट

बाबा,

सूनबाई लिहू नका, एवढी विनंती. ते वाचलं की पुढचं वाचवत नाही. शाळेतली मुलं मला बाई म्हणतात. तुम्हीही बाईच म्हणा. शिकवणाऱ्या बाईला पत्र लिहिण्यात कुणाला काही गैर वाटायचं कारण नाही.

आता गणित. ५० चे अवयव पाडा: २ × ५ × ५. छपराखाली एकसारख्या दोन संख्या सापडल्या की ती जोडी बाहेर येते, आणि बाहेर येताना एकच होऊन येते. पाचांची जोडी आहे, म्हणून एक पाच बाहेर. दोन एकटाच आहे, तो आतच राहतो. उत्तर ५√२. याला सरळ रूप म्हणतात, कारण आता आतून आणखी काही काढता येत नाही.

तुम्ही √७२ सोडवा. मग √५० + √७२ करा. वर्गमुळाची खूण काढताना पट्टी वापरा, तुमचं छप्पर एका बाजूला कललेलं आहे.

मी बरी आहे. खोली लहान आहे पण उजेड भरपूर. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी चांगले आहेत.

बाई


२ सप्टेंबर

बाई,

बघ, ऐकलं की नाही!

√७२ चं उत्तर मी ३√८ काढलं. बेरजेचं उत्तर √१२२. दुसरं तर किती सोपं होतं, पन्नास आणि बहात्तर एकाच छपराखाली आणले की झालं.

तुझं ते जोडीचं प्रकरण वाचलं आणि वही मिटून खिडकीत जाऊन उभा राहिलो. जोडीने असतील ते बाहेर पडतात आणि एकटा उरला तो आत बसतो. असं कुणी मुलांना शिकवतं का गं? तुझी सासू गेली तेव्हापासून मी आतच बसलोय असं वाटलं. म्हणजे माझी बायको म्हणायचं होतं. तिचं नातंसुद्धा आता मोजून मापून लिहावं लागतं.

खिडकीतून आपलं सलून दिसतं. नवा मालक कानात गाणी घालून केस कापतो. गिऱ्हाईक आरशात बघत बसतं, हा वरून कात्री चालवतो, आणि दोघं एकमेकांना एक शब्द बोलत नाहीत. केस बरे कापतो, खोटं कशाला बोलू.

शेजारी चांगले आहेत हे वाचून बरं वाटलं. कोण कोण आहेत?

बाबा


१४ सप्टेंबर

बाबा,

तुमचं ३√८ चुकलेलं नाही, अर्धवट आहे. आठाच्या पोटात अजून चार लपलेला आहे, म्हणजे दोनांची एक जोडी. तिला बाहेर काढा: ६√२. समोरून केस कापले आणि मानेवरचे तसेच ठेवले तर गिऱ्हाईक उठून जाईल का? तसंच हे.

बेरीज मात्र सपशेल चुकली. दोन छपरांखालच्या संख्या अशा एकत्र करता येत नाहीत. आधी दोन्हींना सरळ रूप द्या. ५√२ आणि ६√२. आत दोघांकडेही दोनच आहे, म्हणून बाहेरचे पाच आणि सहा मिळवता येतात: ११√२. आतली संख्या वेगळी असती तर बेरीज झालीच नसती. जवळ जवळ लिहून ठेवायचं, एवढंच.

आणि एक. तुम्ही मधल्या पायऱ्या गाळता. माझ्या वर्गात पायरी गाळणारा मुलगा तास संपेपर्यंत उभा राहतो. प्रत्येक ओळ लिहायची, ती कितीही क्षुल्लक वाटली तरी.

आता समीकरण घ्या: √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग करा म्हणजे छप्पर उडेल. (क्ष − ५) चा वर्ग करताना मधलं पद विसरू नका.

शेजाऱ्यांबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

बाई


९ ऑक्टोबर

बाई,

सगळ्या पायऱ्या लिहिल्यात, उभं करू नकोस.

मधलं पद आधी विसरलो होतो, मग आठवलं. क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५. तिथून क्ष² − ११क्ष + १८ = ०. उत्तरं दोन आली: ९ आणि २. मास्तरांनी नऊवर खूण केली आणि दोनवर लाल काट मारली. म्हणाले, ताळा करून बघा. केला. नऊ ठेवले तर इकडे चार, तिकडे चार. दोन ठेवले तर इकडे तीन आणि तिकडे उणे तीन.

पण माझी चूक कुठे झाली ते सांग. मी प्रत्येक ओळ परत परत तपासली. एकही पायरी चुकलेली नाही आणि तरी उत्तर खोटं निघतं, हे मला पटत नाही. दोनचा बिचाऱ्याचा काय गुन्हा?

तुम्हा दोघांचंही असंच झालं असावं असं मनात आलं. दोघं चांगली, सगळं रीतसर झालं, पायरी कुठे चुकली नाही, आणि शेवटी उत्तर जुळेना.

बाबा


१८ ऑक्टोबर

बाबा,

पायरी चुकली होती. ती तुमच्या मुलाची होती. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. त्याला दुसरी आवडली आणि वर्षभर तो मला सांगत राहिला की कामाचा ताण आहे. यात गणित आणू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वर्ग केला की उणेपण पुसलं जातं. तीनचा वर्ग नऊ आणि उणे तीनचाही नऊच. मूळ समीकरणात जे समान नव्हते ते वर्ग केल्यावर समान दिसायला लागतात. म्हणून पुढच्या सगळ्या ओळी बरोबर असूनही एक खोटं उत्तर आत शिरू शकतं. दोनचा गुन्हा काही नाही. ते या समीकरणाचं उत्तर नाही, एवढंच. म्हणून शेवटी नेहमी पहिल्या ओळीकडे जाऊन ताळा करायचा. ताळा केल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही.

पुढचं जरा अवघड देते: √(क्ष + ५) + √क्ष = ५. इथे दोन छपरं आहेत, वर्ग दोनदा करावा लागेल. घाई नाही.

आधीचा परिच्छेद कडक झाला. पण खोडत नाही.

बाई


२५ नोव्हेंबर

बाई,

खोडू नकोस. तुझं बरोबर आहे. तो माझा मुलगा आहे म्हणून मी हात जरा हलका ठेवला, दुसऱ्या कुणाचा असता तर मीच बोललो असतो.

दोन छपरांनी नाकी नऊ आणले. उत्तर ४ आलं, ताळाही जुळला. पण मागची गणितं पुन्हा करायला घेतली तर √५० चं २५√२ येतंय आणि √७२ चं ३६√२. असं का होतंय? जरा सविस्तर, अगदी पहिल्यापासून लिही. जोडीचं प्रकरण पुन्हा सांग.

शेजाऱ्यांचं लिहायचं तुझं राहिलंच.

बाबा


६ डिसेंबर

बाबा,

आज गणित नाही, दुसरंच लिहिते आहे.

√५० तुम्हाला ऑगस्टमध्ये समजावलं. √७२ सप्टेंबरमध्ये. दोन वर्गमुळांचं समीकरण, ज्यात हुशार मुलंही अडकतात, ते तुम्ही एकट्याने सोडवलंत. आणि आता √५० येत नाही म्हणता. तुमचं पत्र मी वारंवार वाचलं. काल वर्गात फळ्यासमोर उभी असताना एकदम भीती वाटली.

बाबा, तुम्ही विसरायला लागला आहात का? गॅस बंद केला की नाही हे आठवतं का? शाळेतून घरी येताना रस्ता चुकता का? मोकळेपणाने सांगा. डॉक्टरांना दाखवायला हवं. मी इतक्या लांबून काही करू शकत नाही, आणि माझा तसा हक्कही उरलेला नाही. त्यामुळे तुमच्या मुलाला कळवावं असं मनात आहे. मला त्याच्याशी बोलायचं नाही, पण यासाठी बोलेन. तुमच्या उत्तराची वाट पाहते.

बाई


१० डिसेंबर

बाई,

कळवू नकोस! डोकं शाबूत आहे. सोबत चार पानं पाठवतोय, तुझी आजवरची सगळी गणितं पुन्हा सोडवून, प्रत्येक पायरी लिहून, ताळा करून. एक जरी चूक सापडली तर खुशाल फोन कर त्याला. गॅस बंद आहे, रस्ता पाठ आहे, अजून गावातल्या कुणाच्या डोक्यावर किती भोवरे ते सांगू शकतो.

चुका मी मुद्दाम करत होतो.

झालं असं की ऑक्टोबरमध्ये मी शाळेत पहिला आलो. पंधरा जणांत पहिला, फार मिरवण्यासारखं नाही. पण घरी येताना विचार केला, आता सगळंच बरोबर यायला लागलं तर बाई काय लिहिणार? 'शाबास' एवढंच. एका शब्दाचं पत्र येईल आणि मग तेही येणार नाही. चुकलं की तू दोन पानं लिहितेस. रागावतेस, पट्टी वापरा म्हणतेस. या घरात माझ्यावर रागावणारं दुसरं कुणी नाही गं. पोस्टमन आला की मी जिना उतरून खाली जाऊन उभा राहतो.

तुला घाबरवायचं नव्हतं. तू इतकी घाबरशील असं वाटलं नव्हतं, आणि तू घाबरलीस याचं मला बरं वाटलं. दोन्ही खरं आहे.

बाबा


२१ डिसेंबर

बाबा,

चारही पानं तपासली. एकही चूक नाही. शाबास. आणि हे पत्र एका शब्दाचं नाही, हे बघून ठेवा.

मीही एक खोटं लिहिलं होतं. शेजारी चांगले आहेत की वाईट हे मला माहीत नाही. त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. जिन्यात भेटले की मान हलवतात, मीही हलवते. शाळेतून आले की खालच्या दुकानात चाकाचे स्पोक पिळायचा आवाज येत असतो. सहाला शटर पडतं, मग तोही येत नाही. तेव्हा मी तुमचं पान काढते आणि लाल पेन घेऊन बसते. वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासायच्या राहतात, तुमची राहत नाही.

मुद्दाम चुकायचं नाही. मी बाई आहे, मला ते चालणार नाही. मार्चमध्ये नीट पेपर लिहा. पास झाल्यावर काय होणार ते मला माहीत आहे. तरीही सांगते आहे.

बाई


१६ मार्च

बाई,

गणिताचा पेपर झाला. काळजी करू नकोस, नापास होणार आहे.

प्रश्न सगळे ओळखीचे होते. √७५ + √४८. पहिल्यांदा ५√३, मग ४√३, आणि शेवटच्या ओळीला बेरीज ९√६. √(२क्ष + ३) = क्ष. सगळं सोडवलं, ३ आणि −१ आले, आणि ताळा न करता दोन्ही ठोकून दिले. बाकीचीही तशीच. एकाही उत्तराच्या वाट्याला बरोबर यायचं भाग्य येऊ दिलं नाही. बाकी विषय ठीक गेले. एका विषयात उडालो की झालं, मग ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेपर्यंत पुन्हा इथेच. चिरंजीवांचा शब्द आहे, पास होईपर्यंत.

तू नको म्हणाली होतीस. पण तिकडची खोली मी बघून आलो. भिंतीला नवा रंग, पंखा, पलंग, सगळं आहे. त्यांनी प्रेमानेच केलंय, नाव ठेवायला जागा नाही. फक्त तिथे मला कुणी काही विचारत नाही. 'बाबा, तुम्ही बसा' म्हणतात. मी बसतो.

आणखी एक. मास्तरांना तुझी दोन छपरांची गणितं दाखवली. ते म्हणाले, हे दहावीला नसतंच. हे कुणी दिलं तुम्हाला? मी वही पिशवीत घातली.

लिही.

बाबा


३० एप्रिल

बाई,

तुझं उत्तर आलं नाही. रागावली असशील. बाईंचा हक्कच आहे तो. माझं पत्र पोचलं नसेल असंही मनाला सांगून बघितलं, पण आजवर एकही हरवलेलं नाही.

दोन ओळी लिही. रागाच्या लिही.

बाबा


८ जून

बाई,

निकाल लागला. मी पास झालो. गणितात एकसष्ट.

मी शाळेत जाऊन मास्तरांना म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे, दुसऱ्या कुणाचे गुण मला लागले. एकही उत्तर बरोबर नसताना एकसष्ट कसे? पेपरात काय काय लिहिलं होतं ते वहीत करून दाखवलं, तेव्हा मास्तर पोट धरून हसले. म्हणाले, गणितात नुसत्या उत्तराला गुण नसतात हो, पायऱ्यांना असतात. प्रत्येक प्रश्नात तुमची फक्त शेवटची ओळ चुकली आहे, तेवढाच गुण गेला. बाकी असा स्वच्छ पेपर आमच्या शाळेतून कधी गेला नव्हता.

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आणि शिकवलंस मात्र असं की चुकायचं ठरवून बसलो तरी शेवटच्या ओळीपर्यंत हात चुकीचं लिहायला तयार होईना.

चिरंजीव पेढ्यांऐवजी टेम्पो घेऊन येतोय, रविवारी. शब्द दिला होता, आता मोडता येत नाही. सामान फारसं नाही. हे इथलं शेवटचं पत्र. तिकडचा पत्ता देत नाही, तुला अडचण नको.

तुझ्यामुळे या वयात मी पास झालो. आनंदच मानायला हवा. मानता आला की मानीन.

बाबा


१२ जून

बाबा,

चौदा वर्षं शिकवते आहे. विद्यार्थी पास झाला म्हणून रडण्याची ही पहिली वेळ.

मार्चमधल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर लिहवत नव्हतं. तुम्ही नापास होणार हे वाचून मला राग आला नव्हता. आनंद झाला होता. अजून काही महिने पत्रं येतील असा आनंद. आपल्याच विद्यार्थ्याच्या नापास होण्यावर आनंदणारी बाई कसली बाई? लाज वाटली. लिहायला बसायचे आणि कागद फाडायचे. एप्रिलच्या पत्रालाही तेच झालं. माफ करा.

आणि हो, दोन छपरांची गणितं दहावीला नसतात. मला माहीत होतं. शिकवण्यासारखं संपत आलं होतं, म्हणून दिली.

तुमचा पत्ता तुम्ही दिला नाहीत तरी मला पाठ आहे. कोर्टाच्या प्रत्येक कागदावर त्याचा म्हणून तोच होता. त्या पत्त्यावर मी आज दोन पत्रं टाकली. एक हे. दुसरं तुमच्या मुलाच्या नावाने, आमचं सगळं संपल्यापासूनचं पहिलंच. त्यात लिहिलं आहे: "बाबा माझ्याकडे शिकतात. दर आठवड्याला त्यांना माझं पत्र येईल. त्यावर माझं पूर्ण नाव असेल. ते त्यांच्या हातात द्यावं. याबद्दल कुणाची परवानगी मी मागत नाही, फक्त कळवते आहे." त्यातलाही एक शब्द खोडला नाही. त्या घरात माझं काही नाही. तुम्ही आहात, तेवढ्यावर मी पत्र पाठवू शकते. इतके महिने मीच ते चोरून करण्यासारखं मानत होते.

त्याने पत्र दिलं नाही तर पोस्टमनला जिन्यातच गाठा. त्याची सवय तुम्हाला आहे.

सोबत अकरावीची पाच गणितं आहेत. सगळ्या पायऱ्या लिहा, ताळा करा, आठवड्याच्या आत पाठवा. यापुढे उत्तरं बरोबर आली तरी चालतील.

बाई